पान लागलं तर आधी दवाखाना

खेड्यात रात्री सापाचे नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. साप चावला तर 'पान लागलं' म्हणतात. नाव घेतले की तो येतो, असा जुना समज आहे. साप काही माणसाचे बोलणे ऐकून येत नाही. पण ज्याचे नावच घ्यायचे नाही, त्याच्याविषयी घरात लेकरांना कुणी काही सांगतही नाही. मग ऐन पावसात, रात्री बारा वाजता पान लागते आणि घरातली चार माणसे चार वाटांनी धावतात. एक म्हणतो, पाय आवळून बांधा. दुसरा म्हणतो, भगताला उठवा. तिसरा लिंबाचा पाला ओरबाडून आणतो. चौथा काठी घेऊन सापाच्या मागे लागतो. दवाखान्याचे नाव कुणीतरी सर्वांत शेवटी काढते. तोवर तास-दीड तास गेलेला असतो.

वाचक बंधू-भगिनींनो, या लेखात सांगायची गोष्ट एकच आहे. सापाच्या विषावर औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. ते औषध वेळेवर शरीरात गेले तर बहुतेक माणसे वाचतात. वाया गेलेला तो पहिला तास वाचवणे आपल्या हातात आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. काय करायचे आणि काय करायचे नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असावे लागते.

साप कुणाला चावतो?

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले, आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाची नोंद दुर्लक्षित आजारांच्या यादीत केली. एवढी माणसे मरतात तरी हा आजार दुर्लक्षित का राहिला? कारण मरणारा बंगल्यात राहणारा नसतो.

साप जात विचारून चावत नाही, हे खरे. पण अनवाणी पायाने खुरपायला कोण जाते? भाताच्या चिखलात आणि सोयाबीनच्या गंजीत हात कोण घालते? रात्रीच्या पाळीत पिकाला पाणी द्यायला बांधावरून कोण चालते? जमिनीवर गोधडी टाकून कोण निजते? मराठवाड्यातून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जाणारी ऊसतोडणीची कुटुंबे उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात. पाचटावर अंथरूण घालून त्यांची लेकरे निजतात आणि आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. वीटभट्टीवर तेच, रस्त्याच्या कामावरच्या पालात तेच. गावाच्या कडेच्या वस्तीला रस्त्यावर दिवा नाही, घरात संडास नाही, म्हणून आपल्या बाया अंधारात झुडपांच्या आडोशाला जातात. सापाचा धोका असा कामाच्या आणि राहण्याच्या जागेवरून ठरतो. म्हणून ही माहिती आपल्या घरात सर्वांआधी पोहोचली पाहिजे.

चार साप ओळखून ठेवा

आपल्याकडे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, नानेटी, मांडूळ, कवड्या यांच्या चाव्याने माणूस मरत नाही. देशात सर्वाधिक माणसे दगावतात ती चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग फणा काढतो, म्हणून तो सर्वांना माहीत असतो. तो चावला की जागा ठणकते, सुजते, पुढे काळी पडू लागते. काही वेळाने पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडखळतो.

मण्यार सर्वांत फसवी. काळी-निळसर, चकचकीत, अंगावर पांढरे आडवे पट्टे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, जागा सुजत नाही, दुखतही नाही. झोपेतला माणूस मुंगी चावली असे समजून कूस बदलतो. मध्यरात्रीनंतर पोटात कळा येतात, उलट्या होतात, घसा दुखतो. पहाटेपर्यंत डोळे उघडेनासे होतात. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. हे नीट ध्यानात ठेवा : जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस किंवा मूल रात्री अचानक पोट दुखते म्हणून उठले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार चावली असे धरून चाला आणि दवाखाना गाठा.

घोणस जाडजूड असते. अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या रांगा असतात. डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. ती चावली की असह्य वेदना होतात आणि सूज भराभर वर चढते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते. हिरड्यांतून, जखमेतून, लघवीतून रक्त येते, पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

फुरसे हातभर किंवा त्याहून लहान, पण जहाल. कोकणपट्टीत, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, ते पुष्कळ आढळते. दगडांच्या खाली बसते आणि अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. याच्याही विषाने रक्त गोठत नाही.

विषारी बाणाची गोष्ट

साप ओळखता आला तर चांगले, पण चावल्यानंतर त्याच्या शोधात वेळ घालवू नका. भगवान बुद्धांनी मालुंक्यपुत्ताला सांगितलेली विषारी बाणाची गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. एका माणसाला विषारी बाण लागतो. नातेवाईक वैद्याला आणतात. पण तो माणूस अडून बसतो. बाण कुणी मारला, तो कोणत्या जातीचा, उंच की ठेंगणा, धनुष्य कशाचे होते, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, म्हणतो. उत्तरे मिळण्याआधी तो मरून जाईल, हे उघड आहे.

सापाच्या मागे काठी घेऊन धावणारा माणूस हेच करत असतो. आपल्याकडे मिळणारे प्रतिविषाचे इंजेक्शन या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. मारायला जाताना दुसऱ्या माणसालाही चावल्याची उदाहरणे आहेत, आणि मेलेल्या सापाचे तोंडही चावू शकते. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर तसेच निघा. डॉक्टर लक्षणे पाहून आणि रक्त तपासून उपचार ठरवतात.

चावल्याबरोबर हे करा

१. माणसाला सापापासून दूर न्या, आडवे करा आणि धीर द्या. पुष्कळदा साप बिनविषारी असतो, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असे नाही. घाबरून माणूस धावपळ करतो आणि विष लवकर पसरते.

२. चावलेल्या हातापायातील बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, करदोडा, घड्याळ, चप्पल लगेच काढा. सूज आल्यावर ती मांसात रुततात.

३. हात किंवा पाय मोडल्यावर जसा आधार देतात तसा द्या. लाकडाची पट्टी, काठी, गुंडाळलेले वर्तमानपत्र लावून फडक्याने सैल बांधा. चावलेला भाग हलता कामा नये.

४. माणसाला चालू देऊ नका. खाटेवर, झोळीत किंवा गाडीत घालून न्या. १०८ नंबरला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकलच असेल तर चालवणारा पुढे, मागे धरणारा एक आणि रुग्ण दोघांच्या मध्ये.

५. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत देत राहा.

६. केव्हा चावला ती वेळ लक्षात ठेवा. सूज कुठपर्यंत आली तिथे पेनने रेघ मारून वेळ लिहा. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

हे मुळीच करू नका

आवळून दोरी बांधू नका. आपल्याकडे ही सर्वांत पक्की बसलेली सवय आहे. दोरीने विष अडत नाही, रक्त मात्र अडते. अवयव काळा पडून कापावा लागतो, आणि दोरी एकदम सोडली की साठलेले विष एका वेळी अंगात जाते. कुणी आधीच बांधली असेल तर ती वाटेत सोडू नका. दवाखान्यात डॉक्टरच्या समोर सोडवा.

ब्लेडने चिरू नका. घोणस किंवा फुरसे चावलेल्या माणसाचे रक्त थांबत नाही, त्याला चिरणे म्हणजे जीव घेणे आहे. तोंडाने विष ओढू नका. सिनेमात दाखवतात ते खोटे आहे. जखमेवर बर्फ, चुना, हळद, तंबाखू लावू नका. कोंबडी लावू नका. दारू, कडुलिंबाचा पाला, तूप काही पाजू-चारू नका. दुखते म्हणून दुकानातली वेदनाशामक गोळी देऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

मांत्रिकाला 'गुण' का येतो?

'आमच्या मामाला भगताने उठवला,' असे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. ते खोटे बोलत नसतात. मामाला साप चावला होता आणि मामा उठला, दोन्ही खरे. पण मामाला चावलेली धामण असेल किंवा दिवड असेल, नाहीतर नागाने विष सोडलेच नसेल. असा माणूस मंत्राने उठतो आणि मंत्राशिवायही उठतो. ज्याच्या अंगात विष गेले, तो मंत्राने उठत नाही. तो मेला तर भगत म्हणतो, उशिरा आणलात. म्हणजे उठला तर श्रेय भगताचे आणि मेला तर दोष आपला.

आपल्या वाडवडिलांनी १९५६ साली देव्हारे रिकामे केले. नवस, गंडेदोरे, अंगारे सोडले. पण संकटाच्या रात्री जुनी भीती परत उंबऱ्यावर येऊन उभी राहते, आणि शेजारचे चार जण म्हणाले की आपले पायही भगताच्या दाराकडे वळतात. तिथेच खरी परीक्षा असते. एका रात्रीत माघार घेतली तर त्याची किंमत लेकराच्या प्राणाने मोजावी लागते.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात या बाबतीत स्पष्ट तरतूद आहे. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे वस्तीतल्या जाणत्यांनी सर्वांच्या कानावर घालावे.

दवाखान्यात गेल्यावर

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. गल्लीतल्या डॉक्टरकडे धनुर्वाताची सुई घेऊन घरी परतू नका. धनुर्वाताची सुई म्हणजे सापाची लस नव्हे. प्रतिविषाचे इंजेक्शन शिरेतून, सलाईनबरोबर देतात. त्याची काहींना रिअॅक्शन येते, म्हणून ते दवाखान्यातच, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यावे लागते.

तिथे काचेच्या स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर विष रक्तात गेले आहे असे समजतात. नाग-मण्यारीच्या बाबतीत पापण्या, मान आणि श्वास तपासतात. विष भिनल्याची लक्षणे असतील तर सुरुवातीला साधारण आठ ते दहा बाटल्या प्रतिविष लागते. मूल लहान आहे म्हणून डोस कमी होत नाही, कारण सापाने मुलाला विष कमी दिलेले नसते. मोठ्या रुग्णालयात पाठवायचे ठरले तर 'पहिला डोस इथेच सुरू करता येईल का?' असे नम्रपणे पण ठामपणे विचारा. लक्षणे नसली तरी निदान २४ तास दवाखान्यात थांबा.

मण्यार किंवा नाग चावलेला रुग्ण कधी कधी मेल्यासारखा पडतो. हात हलत नाही, डोळे उघडत नाहीत. पण त्याला आपले बोलणे ऐकू येत असू शकते. विषाने त्याचे स्नायू लुळे पडलेले असतात. श्वासाच्या यंत्रावर ठेवल्यास अशी माणसे काही दिवसांनी उठून घरी आलेली आहेत. म्हणून आशा सोडून त्याला घरी आणू नका, आणि त्याच्या उशाशी रडारड करू नका.

महाडसारख्या ठिकाणी डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश आणि सर्पदंशाच्या रुग्णांवर अनेक वर्षे काम केले. विंचूदंशावरचे त्यांचे संशोधन जगभर वाचले गेले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साध्या गावातल्या दवाखान्यातही जीव वाचवता येतो, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले.

हे औषध कुणाच्या कष्टातून येते?

प्रतिविष तयार करण्यासाठी आधी विषच लागते. ते थोडे थोडे घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याला मारणारे घटक तयार होतात, आणि त्यापासून औषध बनते. हे विष गोळा करण्याचे मोठे काम तामिळनाडूतील इरुला आदिवासी करतात. पूर्वी सापाच्या कातड्यावर त्यांचे पोट चाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बंद झाला. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडून देतात. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुला सापपकड्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना शिकलेले लोक अडाणी म्हणत, त्यांच्या हातच्या विद्येवर आज देशभरची माणसे जगतात.

साप चावूच नये म्हणून

रात्री बाहेर पडताना बॅटरी हवी, मग ते अंगणापर्यंतचे पाऊल का असेना. शेतात गमबूट, नाहीतर निदान पाय झाकणारे बूट घाला. बायांनाही मजुरीच्या कामावर बूट मिळावेत, असा आग्रह धरा. गवत, पाचट, सोयाबीनची गंज, गोवऱ्या, विटांचा ढीग यांत आधी काठी फिरवा, मग हात घाला. चालताना काठी आपटत चला. जमिनीच्या हादऱ्याने साप बहुधा बाजूला होतो.

खाटेवर किंवा बाजेवर झोपा. ते शक्य नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. मण्यारीपासून वाचण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. कोपीत, पालात लेकरांसाठी एक तरी मच्छरदाणी न्याच. धान्य सांडले की उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. म्हणून धान्य झाकून ठेवा, कोंबड्यांचे खुराडे निजायच्या जागेजवळ नको, सरपण भिंतीला लागून नको, भिंतीची बिळे बुजवा. सकाळी बूट झटकून घाला. घरात साप निघालाच तर लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा.

पावसाळ्याआधी विचारायचे प्रश्न

घरच्या तयारीबरोबर सरकारी तयारीही तपासली पाहिजे. मे महिन्यात वस्तीतल्या दोन-चार जणांनी, त्यात एक-दोन बायांनी, आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन चार प्रश्न विचारावेत. सापाच्या लसीच्या किती बाटल्या शिल्लक आहेत? त्यांची मुदत केव्हा संपते? रात्री डॉक्टर असतात का? श्वासाचे यंत्र असलेले सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणते? उत्तर समाधानकारक नसेल तर हेच प्रश्न ग्रामसभेत लेखी मांडावेत. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्यात ठरले आहे. आराखडा दिल्लीत ठरला, पण बाटली आपल्या आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये असली पाहिजे.

आणखी एक. मृत्यू झालाच तर दुःखाच्या भरात परस्पर अंत्यविधी उरकू नका. पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन करून घ्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. त्याच शेतात राबणारा भूमिहीन मजूर मात्र या योजनेबाहेर आहे. त्याच्या घरालाही असाच आधार मिळावा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर एवढे करा. एका कागदावर ठळक अक्षरांत १०८, जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन आणि वस्तीतल्या गाडीवाल्याचा नंबर लिहा. तो घराच्या दाराआड आणि विहाराच्या भिंतीवर चिकटवा. आज रात्री जेवताना लेकरांना सापाचे नाव घेऊन सगळे सांगा. नाव घेतल्याने साप येत नाही. पण 'आवळून बांधायचं नाही, हलवायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं,' एवढे दहा वर्षांच्या पोरीला पाठ असेल, तर घरातली मोठी माणसे गोंधळली तरी ती योग्य वाट दाखवेल.